सलोख्याचा सत्कार: कुणाचा, कसा आणि कशासाठी?

गेल्या अंकात आपण विचारलं होतं की जात, धर्म, भाषा, अपंगत्व असल्या भिंती ओलांडून माणसांना एकत्र आणणाऱ्या कार्यकर्त्यांचा सन्मान करताना तुम्हाला काय अडचणी येतात. त्यावर पत्रं आणि मेल इतके आले की सगळ्यांना उत्तरं देणं शक्यच नाही, बरेचसे प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी आपापल्याच संस्थेची उणीदुणी काढलीयेत आणि उद्या त्यांना त्याच मीटिंगला जाऊन बसायचंय.

प्रश्न: ताई, आमच्या संस्थेने यंदापासून सलोखा पुरस्कार द्यायचं ठरवलं. नावं मागवली तर आली ती सगळी अध्यक्ष, माजी अध्यक्ष, भावी अध्यक्ष अशांचीच. खरं काम करणारा माणूस शोधायचा तरी कसा? (एक सचिव)

सचिवसाहेब, नावं मागवली की अशीच येणार हो, कारण अर्ज भरायला वेळ आणि हाताखाली माणसं ज्याच्याकडे असतात तोच अर्ज भरतो. जो माणूस दोन गटांच्या मधे उभा राहून दोघांच्याही शिव्या खातो त्याच्याकडे स्वतःच्या बातम्यांची कात्रणं चिकटवून फाइल करायला ना वेळ असतो ना हौस. त्यामुळे स्वतःचा स्वतः भरलेला अर्ज घेणं बंद करा, आणि कमिटीतल्या दोघातिघांनी जरा बाहेर पडून विचारत फिरा.

आता विचारायचं काय, तर एक म्हणजे अफवा उठली, पोरांची मारामारी झाली आणि तिला बघता बघता समाजाचा रंग चढला, तेव्हा पहिला फोन कुणाला गेला. हे दोन्ही बाजूंना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको, एकत्र बसले की सगळेच गोड बोलतात आणि समोरच्याचं मन राखायला कुणाचंही नाव घेतात. दोन्हीकडून एकच नाव आलं तर तुमचं निम्मं काम झालं म्हणून समजा. मग त्या माणसाबद्दल दुसरं विचारायचं की याच्यावर याच्या स्वतःच्या घरचे, स्वतःच्या समाजाचे लोक कधी चिडले होते का, आणि कशावरून. लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो, पुरस्कारासाठी आलात आणि भांडणं काय विचारताय म्हणतात, पण माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे. दुसऱ्यांच्या चुका सांगायला काय लागतं, ते सगळेच सकाळ-संध्याकाळ करतात. आपल्या माणसांना "तुम्ही चुकताय" असं तोंडावर सांगायला छातीच लागते.

साने गुरुजी 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना उघडं व्हावं म्हणून, आणि ते उपोषण 10 मे पर्यंत चाललं. ते ज्या समाजात जन्मले, ज्या संस्कारात वाढले, त्याच समाजाच्या वागण्याविरुद्ध ते बसले होते. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला मुंबईत तोंडी तलाकच्या विरोधात मोर्चा नेला, त्यात 7 बायका होत्या. सातच. आजच्या एखाद्या निवड समितीपुढे हे काम आलं असतं तर "प्रतिसाद अल्प" असा शेरा मारून कागद बाजूला गेला असता, नाही का? तेव्हा गर्दी, सभासदसंख्या, किती शिबिरं घेतली, या आकड्यांवर फार जाऊ नका.

अजून एक, सलोखा म्हणजे फक्त दंगल शांत करणं एवढंच कमिटीच्या डोक्यात असेल तर ते आधी काढा. ज्याला आडनाव ऐकून कुणी घर भाड्याने देत नव्हतं त्याला शेजाऱ्यांचा विरोध पत्करून घर देणारा मालक, कानाने ऐकू न येणारं पोर वर्गात नीट सामावावं म्हणून स्वतः खुणांची भाषा शिकून बाकीच्या पोरांनाही शिकवणाऱ्या बाई, हॉस्पिटलात परभाषिक पेशंट आला की ड्युटी नसतानाही दुभाषा म्हणून उभा राहणारा वॉर्डबॉय, ही सगळी माणसं तुमच्याच यादीतली आहेत, फक्त त्यांच्या नावापुढे पद नाही म्हणून ती कुणाला दिसत नाहीत.

आणि निकष कसा लिहावा याचा नमुनाच हवा असेल तर केंद्र सरकारने काढलेल्या कबीर पुरस्काराचा नियम वाचा. जातीय, धार्मिक हिंसाचाराच्या वेळी दुसऱ्या समाजातल्या माणसांचे प्राण किंवा मालमत्ता वाचवणाऱ्याला तो, आणि पोलीस किंवा सरकारी नोकराने ड्युटीचा भाग म्हणून केलेलं काम त्यात धरत नाहीत. म्हणजे व्यक्तिमत्त्व, एकूण जीवनप्रवास असलं काही नाही, काय केलं आणि ते करणं तुमचं कामच होतं की नव्हतं, एवढंच. तुमच्या निकषांत "उल्लेखनीय सामाजिक योगदान" असं लिहिलेलं असणार बघा, ते खोडून टाका, त्यात कुणीही बसतं.

प्रश्न: आमच्याकडे दरवर्षी एक हिंदू, एक मुस्लिम, एक बौद्ध, एक ख्रिश्चन आणि एक महिला असे 5 पुरस्कार देतात. मला हे खटकतं, पण बोललं की मीच जातीयवादी ठरतो. तुमचं मत?

आधी एक शंका, ती "एक महिला" कुठल्याच धर्माची नसते का? आणि बाकीचे चारही पुरस्कार पुरुषांनाच का जातात?

चेष्टा सोडा, तुमचं खटकणं बरोबर आहे पण त्यांचंही अगदीच चूक नाहीये. अशी वाटणी का होते तर कुणी नाराज होऊ नये म्हणून, आणि ती भीती खरी असते, सलग 3 वर्षं एकाच समाजाची नावं आली तर लोक बोलणारच. पण वाटणी केली की होतं काय, प्रत्येक जण आपापल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून स्टेजवर येतो, आपापल्या समाजात केलेल्या कामाचा सत्कार घेतो आणि परत आपापल्या रांगेत जाऊन बसतो. भिंत ओलांडण्याचा पुरस्कार आणि स्टेजवरच भिंती!

जोडीने पुरस्कार द्यायला माझा विरोध नाही, उलट काही वेळा तोच खरा, पण ती जोडी कामाने जुळलेली पाहिजे, आपण जुळवलेली नको. नायजेरियातल्या कडुना शहरातले इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये यांचं बघा. 1992 च्या दंगलीत दोघं एकमेकांच्या विरोधातल्या टोळ्यांमधे होते, त्यात पास्टरचा एक हात गेला आणि इमामाचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. हीच दोन माणसं 1995 पासून एकत्र काम करायला लागली आणि त्यांनी दोन्ही धर्मांच्या लोकांची भांडणं मिटवणारी संस्था काढली. आता यातल्या एकालाच सत्काराला बोलावलं तर ते काम अर्धंच दिसेल. आपल्याकडचे वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी घ्या, अहमदाबादच्या 1946 च्या दंगलीत 1 जुलैला जमावाला आवरायला दोघं मिळून गेले आणि दोघंही मारले गेले, त्यांचं नाव आजही जोडीनेच घेतलं जातं.

2014 चं शांततेचं नोबेल कैलाश सत्यार्थी आणि मलाला युसुफझाई यांना विभागून दिलं तेव्हा नोबेल समितीने उघड म्हटलं होतं की एक हिंदू आणि एक मुस्लिम, एक भारतीय आणि एक पाकिस्तानी अशी जोडी होणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. म्हणजे तिथेही हा हिशेब होता. पण मुलांच्या हक्काचं काम दोघांचंही होतं, नुसता धर्म बघून नावं उचललेली नव्हती. तुमच्या कमिटीला हे उदाहरण सांगून बघा, कदाचित तुम्हाला जातीयवादी म्हणणार नाहीत.

प्रश्न: पुरस्कार मिळालेल्या व्यक्तीचं नाव पत्रिकेत छापताना "पद्मश्री" आधी लिहायचं की आडनावानंतर?

कुठेच नाही. पद्म पुरस्कार ही पदवी नाही, नावाच्या मागेपुढे लावता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली बालाजी राघवन खटल्यात हे स्पष्ट केलंय. खाली परिचयात "अमुक साली पद्मश्री" असं लिहा, तेवढं चालतं.

प्रश्न: मानपत्र लिहायचं काम दरवेळी माझ्या गळ्यात पडतं. यंदा एका शिक्षिकेचा सत्कार आहे. मसुदा आणि त्यांच्या कामाची माहिती सोबत पाठवतेय, जरा सुधारून द्याल का?

मसुदा वाचला. "आपण समाजातील सर्व घटकांना सोबत घेऊन ऐक्याचा नंदादीप अखंड तेवत ठेवला आहे. आपले कार्य भावी पिढीस दीपस्तंभाप्रमाणे मार्गदर्शक ठरो." रागावू नका, पण हे मानपत्र नाव बदलून कुणालाही देता येईल, बँकेच्या संचालकाला सुद्धा. गंमत म्हणजे सोबत जी माहिती पाठवलीत ती वाचताना मात्र मला खुर्चीत सरळ बसावं लागलं. तेच का नाही लिहिलंत? तुमच्याच माहितीवरून मी असं लिहीन:

"रस्त्याच्या वादावरून दोन वस्त्यांचं बोलणं बंद झालं आणि खालच्या वस्तीतल्या मुलांना शाळेत पाठवणं आयांनी थांबवलं, तेव्हा शाळा सुटल्यावर तुम्ही रोज त्यांच्या दारात जाऊन बसलात. पहिले काही दिवस कुणी पाणीही विचारलं नाही. तुम्ही वरच्या वस्तीतल्या म्हणून इकडचे बोलत नव्हते, आणि इकडे येता म्हणून तिकडच्यांनी बोलणं टाकलं. तुम्ही मुलांचा अभ्यास ओट्यावर घेतलात. आधी दोन मुलं आली, मग त्यांची भावंडं, आणि महिना संपायच्या आत वर्ग पुन्हा भरला. रस्त्याचा वाद अजून कोर्टात आहे. मुलं शाळेत आहेत."

बस. विशेषण एकही नाही, आणि शेवटची दोन वाक्यं तर अजिबात काढू नका. कमिटी म्हणेल की वाद अजून मिटला नाही हे कशाला लिहायचं, चांगलं दिसत नाही. पण सगळं मिटलं असं लिहिलंत तर समोर बसलेल्या दोन्ही वस्त्यांना ते खोटं आहे हे माहीतच आहे, आणि मग पुढचं खरं लिहिलेलंही त्यांना खोटं वाटायला लागेल. फक्त एक करा, हा मजकूर छापायच्या आधी बाईंना दाखवा. मुलांची किंवा आयांची नावं टाकायचा मोह होईल तो टाळा, सत्कार बाईंचा आहे, त्या घरांची गरिबी आणि भांडणं स्टेजवरून वाचून दाखवायला त्यांनी कुठे परवानगी दिलीये.

प्रश्न: मला हे सत्कार वगैरे सगळं नाटक वाटतं. हॉल घ्या, हार घाला, फोटो काढा, दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या जातीच्या ग्रुपवर परत हजर. सत्काराने आजवर काही बदललंय का? (एक वैतागलेला)

बऱ्याचदा काही बदलत नाही, हे खरंय. पण एक प्रसंग सांगते, जरा मोठा आहे पण ऐका.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या समान हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन लूथर किंगना 1964 चं शांततेचं नोबेल मिळालं. गाव त्यांचं अटलांटा, तिथल्या दक्षिणेतलं. जगाने डोक्यावर घेतलेल्या माणसाचा त्याच्या गावात सत्कार व्हायला हवा म्हणून काही लोकांनी जेवणाचा कार्यक्रम ठरवला, त्यात रब्बाय जेकब रॉथशिल्ड होते, आर्चबिशप पॉल हॅलिनन होते, संपादक राल्फ मॅकगिल होते आणि किंग शिकले त्या कॉलेजचे प्रमुख बेंजामिन मेज होते, म्हणजे एक ज्यू, एक कॅथलिक, एक गोरा पत्रकार आणि एक काळा शिक्षणतज्ज्ञ. ही कमिटीच बघा कशी होती. आणि कार्यक्रम कसा, तर काळे-गोरे एकाच हॉलमधे एकाच टेबलावर बसून जेवणार. त्या शहरात असं जाहीर जेवण तोवर झालेलंच नव्हतं, आणि गोऱ्या व्यापारी मंडळींनी सरळ पाठ फिरवली, तिकिटं कुणी घेईना.

मग मेयर आयव्हन ॲलन मधे पडले आणि कोका-कोलाचे प्रमुख पॉल ऑस्टिन यांनी शहरातल्या बड्या लोकांना बोलावून सुनावलं की नोबेल मिळालेल्या आपल्याच माणसाचा सत्कार हे शहर करत नसेल तर अशा ठिकाणी कंपनी चालवणं आम्हाला लाजिरवाणं आहे, कोका-कोलाला अटलांटाची गरज नाही, अटलांटाला कोका-कोलाची गरज आहे का ते तुमचं तुम्ही ठरवा. झालं, तिकिटं हातोहात संपली. 27 जानेवारी 1965 ला डिंकलर प्लाझा हॉटेलात जवळपास दीड हजार माणसं जेवायला होती.

यातले कितीतरी मनाने आले नसतील, धंद्यासाठी आले असतील, मला त्याबद्दल काही भ्रम नाही. पण किंगना त्या संध्याकाळी अजून एका मानचिन्हाची गरज होती का? अजिबात नव्हती. गरज त्या शहराला होती, की कुणाच्या शेजारी आपण जाहीरपणे बसू शकतो हे एकदा सगळ्यांसमोर होऊन जावं. तुमच्या सत्काराला नाटक म्हणायचं की नाही हे मी यावरून ठरवेन, स्टेजवर कोण होतं यावरून नाही तर खाली खुर्च्यांवर कोण कुणाच्या शेजारी बसलं यावरून. एरवी एका हॉलमधे न येणारी माणसं आली असतील तर हार-फोटो माफ. आणि आधीच एकमेकांना ओळखणारी तीच पन्नास माणसं आली असतील तर मात्र तुम्ही म्हणता ते खरं, खर्च वाया.

प्रश्न: आम्ही ज्यांना निवडलं ते काका पुरस्कार नको म्हणतायत. विनयाने म्हणत असतील म्हणून आम्ही पत्रिकाही छापल्या. आता ते खरंच येणार नाहीत म्हणतात!

पत्रिका आधी छापल्यात? धन्य आहात.

नको म्हणणाऱ्याचं नको हे नको असतं हे एकदा मान्य करा. व्हिएतनाम युद्ध थांबवायच्या वाटाघाटी करणारे तिथले ल डुक थो यांना 1973 चं शांततेचं नोबेल अमेरिकेच्या किसिंजर यांच्यासोबत जाहीर झालं आणि त्यांनी ते नाकारलं, शांतता अजून झालेलीच नाही तर पुरस्कार कशाचा असं त्यांचं म्हणणं होतं. यात विनय वगैरे नव्हता, आणि पुढे युद्ध 1975 पर्यंत चाललं, म्हणजे त्यांचं म्हणणं खरंच ठरलं.

तुमच्या काकांकडे एकट्याने जा, कमिटी घेऊन नको, आणि कारण विचारा. मला वाटतं कारण साधं असणार. जो माणूस दोन समाजांच्या मधे काम करतो त्याची सगळी पुंजी म्हणजे तो कुणाचाच नाही हा दोघांचा विश्वास. उद्या एका बाजूच्या संस्थेने त्याला स्टेजवर चढवलं, वर कुणी नेता येऊन गळ्यात हार घालून गेला, की दुसरी बाजू म्हणते "बघा, हा त्यांचाच होता". मग पुढच्या वेळी फोन वाजत नाही. तुमच्या प्रेमापोटी त्यांचं काम बंद पडायला नको. काही जणांना घरच्यांचा, नातेवाइकांचा त्रास असतो, आंतरधर्मीय जोडप्यांना आसरा देणारे तर जाहीर नाव नकोच म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे, तिथे फोटो छापणं म्हणजे पत्ता देणं.

मग सत्काराऐवजी त्यांना काय लागतंय ते विचारा. बैठकांना जागा लागते, कोर्टकचेरीत कागद करून देणारा वकील लागतो, दोन तरुण हाताशी लागतात. ते द्या आणि गाजावाजा करू नका. पत्रिकांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न: ज्यांना आम्ही 6 वर्षांपूर्वी सलोख्याचा पुरस्कार दिला ते गृहस्थ आता उघडउघड एका समाजाविरुद्ध भाषणं करतायत. पुरस्कार परत घेता येतो का?

येतो, पण नियम आधी केलेला असला तर भांडण कमी होतं. सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्यानमारच्या नेत्या आँग सान सू ची यांचं. त्यांना 1991 चं शांततेचं नोबेल मिळालेलं, पुढे तिथल्या रोहिंग्या मुस्लिमांवर जे अत्याचार झाले तेव्हा त्या सत्तेत असूनही बोलल्या नाहीत म्हणून जगभर टीका झाली. नोबेल परत घ्यायची मागणी झाली पण नोबेलच्या नियमांत परत घेण्याची सोयच नाही. उलट ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने आपला सन्मान 2018 मधे काढून घेतला, अमेरिकेतल्या होलोकॉस्ट म्युझियमनेही त्याच वर्षी काढून घेतला, ऑक्सफर्ड शहराने तर 2017 मधेच. म्हणजे एकाच बाईंच्या बाबतीत दोन्ही पद्धती दिसतात.

माझं मत विचाराल तर, त्यावेळचं काम खरं होतं तर ते खरंच राहतं, ते आता पुसता येत नाही आणि पुसू पण नये. पण तुमच्या यादीत त्यांचं नाव अजून तसंच झळकत असेल, आणि ते भाषणाच्या आधी सूत्रसंचालकाकडून "सलोखा पुरस्काराने सन्मानित" असं म्हणवून घेत असतील, तर ज्या समाजाबद्दल ते बोलतायत त्याला तुमची संस्थाही त्यात सामील वाटणार. त्यामुळे आधी त्यांना लेखी विचारा, उत्तर द्यायला वेळ द्या, आणि उत्तर आलं नाही किंवा आलं ते तसलंच असलं तर संस्थेने एक छोटं जाहीर निवेदन काढावं की पुरस्कार अमुक साली अमुक कामासाठी दिला होता आणि आज ते जे बोलतायत त्याला आमचा विरोध आहे. एवढ्याने सहसा भागतं. आणि इथून पुढे मानपत्रातच काम आणि वर्ष लिहा, "एकूण कार्याबद्दल" लिहिलंत की पुढच्या सगळ्या आयुष्याची जबाबदारी तुम्ही डोक्यावर घेता.

प्रश्न: माणूस हयात असताना पुरस्कार द्यावा की गेल्यावर? आमच्यात एकमत होत नाहीये.

हयात असताना. गांधीजींचं नाव नोबेलसाठी 1937, 1938, 1939 आणि 1947 असं परत परत गेलं होतं आणि शेवटचं नामांकन 1948 च्या जानेवारीत, त्यांची हत्या व्हायच्या थोडेच दिवस आधी. त्या वर्षी समितीने शांततेचा पुरस्कार कुणालाच दिला नाही, योग्य असा हयात उमेदवार नाही असं कारण देऊन. सगळ्या जगाला आजही ही चुटपुट आहे, नोबेलवाल्यांनाही आहे. विषय संपला.

प्रश्न: आमची संस्था अगदी छोटी. सरकारी मान्यता नाही, रक्कम द्यायला पैसे नाहीत. अशा पुरस्काराला कोण विचारतो?

11 मे 1888 ला मुंबईत मांडवीला जोतीराव फुल्यांचा सत्कार झाला आणि लोकांनी त्यांना "महात्मा" म्हटलं. सरकारने नाही, विद्यापीठाने नाही, लोकांनी. आज कुणाला ते वेगळं सांगावं लागतं का?

पैशाचं म्हणाल तर नसलेले बरे असं मी म्हणणार नाही, काम करणाऱ्याला पैसे लागतातच, किंगनी नोबेलची सगळी रक्कम चळवळीला दिली आणि मदर तेरेसांनी 1979 मधे नोबेलनंतरची मेजवानी रद्द करायला लावून तो खर्च गरिबांसाठी वळवला. तुमच्याकडे रक्कम नसेल तर निदान त्या माणसाचा येण्याजाण्याचा खर्च त्याच्या खिशातून होऊ देऊ नका, त्याचा बुडालेला रोज भरून द्या. हे कुणी करत नाही, आणि मग सत्कारमूर्ती हार घेऊन परत जायला गाडीभाडं शोधत फिरतो. तुमच्याकडे वेळ आहे ना, मग त्यांच्यासाठी अजून एक करता येईल, पद्म पुरस्कारासाठी नाव कुणीही नागरिक ऑनलाइन सुचवू शकतो, त्यासाठी कामाबद्दल जास्तीत जास्त 800 शब्दांचं टिपण लागतं. मोठ्या लोकांचे अर्ज भरायला माणसं असतात, तुमच्या माणसाचा तुम्ही भरा.

प्रश्न: कार्यक्रमाच्या दिवशी कुठल्या गोष्टी हमखास चुकतात, त्या आधी सांगून ठेवाल का?

समावेशनाचा पुरस्कार आणि स्टेजला पाच पायऱ्या, ही एक नंबरची चूक. व्हीलचेअरवरच्या बाईंना चौघं जण उचलून वर नेतात आणि वर टाळ्या वाजवतात, त्या बाईंना काय वाटत असेल याचा विचार करा. रॅम्प करा, नाही जमत तर स्टेजच नको, सगळे खालीच उभे राहा, काही बिघडत नाही. ऐकू न येणारे पाहुणे असतील तर खुणांच्या भाषेचा दुभाषा ठरवा आणि त्याला उजेडात उभा करा, कोपऱ्यातल्या अंधारात नको, त्याचे हातच दिसले नाहीत तर उपयोग काय. तारीख ठरवताना सगळ्यांची कॅलेंडरं बघा, कुणाच्या उपवासाच्या दिवशी जेवण आणि कुणाच्या प्रार्थनेच्या वेळी उद्घाटन असं हमखास होतं, आणि मग "ते लोक आलेच नाहीत" म्हणून त्यांच्यावरच खापर फुटतं.

पुरस्कार नेत्याच्या हातून देऊ नका. त्या माणसाच्या कामामुळे ज्यांचं बोलणं परत सुरू झालं अशा दोन्हीकडच्या दोघांना पुढे बोलवा, ते तयार असतील तरच. नेत्याला बोलवायचंच असलं, हॉल त्यांच्याच ओळखीने मिळालेला असतो हे मला माहितीये, तर पहिल्या रांगेत बसवा आणि शेवटी दोन मिनिटं द्या. सत्कारमूर्तीला मात्र आधी बोलू द्या. नऊ जणांची भाषणं झाल्यावर त्यांच्या हातात माइक येतो तेव्हा निम्मा हॉल पार्किंगमधे असतो.